ढगाळ दिवशीही देणारी पेटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

भाचीला आमच्या प्रयोगशाळेत लागून आज एक महिना झाला. भाची माझी नव्हे, ह्यांची. माझ्या नणंदेची थोरली. साहेबांच्या कानावर तिचं नाव घातलं ते मी, घरात मागच्या खोलीत तिची कॉट लावली ती मी, आणि आता तिचा राग येतो म्हणून वही उघडून बसले आहे तीही मीच. बोलायची सोय कुठेच नाही. घरी बोलावं तर हे तिचे मामा, आणि कामावर बोलावं तर सगळे म्हणणार, मॅडमच्या पोटात दुखायला लागलं. दुखतंय हे खरंच आहे.

आज साहेब आले आणि दोन्ही पेट्यांसमोर उभे राहिले. (उद्या मी मेले आणि ही वही कुणाच्या हाती लागली तर कळावं म्हणून लिहिते. पेटी म्हणजे बोल्टांनी आवळलेल्या दोन पोलादी पाट्या, मधे एक पातळ पडदा आणि तांब्याची पूड लावलेली काळी पट्टी. एकीकडून चुन्याच्या भट्टीच्या धुराड्यातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा, दुसरीकडून पाणी, आणि वर छतावरच्या सोलर पॅनेलची वीज. खालच्या बाटलीत अल्कोहोल जमतं. पिण्याचं नाही, कारखान्यांना लागणारं.) नऊ वर्षांपूर्वी इथे पहिल्यांदा धुरातून अल्कोहोल काढलं ते मी. पट्टीवर पूड बसवायची कृती माझी. सगळे तिला ‘मॅडमची पट्टी’ म्हणतात. माझ्या पेटीला थोरली आणि भाचीच्या पेटीला धाकटी हे नाव ह्यांनी ठेवलं. हे आमच्याच इथे इलेक्ट्रिशियन आहेत, नावं ठेवण्यात पटाईत.

साहेब म्हणाले, भट्टीशेजारी चाळीस पेट्यांचं युनिट उभं राहणार, त्यात दोघींपैकी एकीचीच पट्टी घालायची, आणि ते तीन मार्चच्या बैठकीत ठरवायचं. तोवर दोन्ही चालू द्या, बघू.

बघू म्हणे. नऊ वर्षांपुढे एक महिना ठेवून बघू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझी रीत ठरलेली आहे. रोज सकाळी ताजी पट्टी. तांब्याची पूड स्पिरिटमध्ये घोटायची, त्यात चिकट द्रव घालायचा, ब्रशने पट्टीवर दोन हात द्यायचे, पंख्याखाली वीस मिनिटं वाळवायची. नाकाला वास आला नाही की वाळली. मग पेटीत. नऊ वाजता थोरली असं भरभरून देते की बघत राहावं. दुपारपर्यंत तिचा जोर ओसरतो. माझंही तसंच आहे, जेवणानंतर मला कुणी काही विचारू नये.

भाची एकच पट्टी आठ-दहा दिवस वापरते आणि बसवण्याआधी ती रात्रभर ओव्हनमध्ये भाजत ठेवते. तिची पेटी देते चमचाभर, पण तोरा केवढा. आज माझ्या शेजारी येऊन म्हणाली, “मामी, तुमची पट्टी एकदा ओव्हनमध्ये ठेवून बघूया का? नुसती एकदा.”

कामावर मामी म्हणू नकोस हे तिला दहादा सांगितलं आहे. मी म्हटलं, ओव्हनमध्ये पट्टीची बारीक छिद्रं बुजतात. बुजतात का, हे मी कधी पाहिलेलं नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. ती मान हलवून गेली. काल आलेली मुलगी मला पट्टी वाळवायला शिकवणार.

१० फेब्रुवारी, सोमवार

घरी मामा-भाचीचं काहीतरी शिजतंय. जेवायच्या टेबलावर तारा, स्क्रू, सोल्डरिंगचा धूर, आणि दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. मी विचारलं तर कळलं, छतावर दर मिनिटाला ऊन किती पडतं याची नोंद घेणारं यंत्र चाललं आहे. भाचीला हवं होतं, मामा लगेच तयार. माझ्या कपाटाची मूठ तीन महिने हातात येते आहे. मी ती रोज परत खोचते.

मी मुद्दाम म्हटलं, ऊन किती पडलं हे खिडकीतून दिसतं की. दोघं हसली. सकाळी चहाचा पहिला कपही आता तिला जातो. मला वाईट वाटतं ते चहाचं नाही. पंचवीस वर्षांत माझ्या कामाबद्दल ह्यांनी इतके प्रश्न कधी विचारले नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा दिवस माझा!

पहाटेपासून आभाळ भरलेलं, सबंध दिवस सूर्य म्हणून दिसला नाही. आधी आठ वर्षं पेट्या भिंतीतल्या विजेवर चालायच्या, रोज चार तास. या वर्षीपासून त्या थेट छतावरच्या पॅनेलना जोडल्यात, तेव्हा ऊन नाही तर वीज नाही. धाकटीने अक्षरशः मान टाकली. बाटलीचा तळही ओला नाही. आणि माझी थोरली? रोजच्याइतकंच. एक थेंब कमी नाही. सकाळी भरभरून, दुपारी जरा कमी, अगदी शिस्तीत.

मी साहेबांना हाताला धरून आणायचीच काय ती बाकी ठेवली. म्हटलं, बघा, ढगाळ दिवशीही देणारी पेटी आहे ही, भट्टीवर बारा महिने चालायची तर अशीच हवी. साहेब ‘वा’ म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. भाची माझ्या आलेखापुढे बराच वेळ उभी होती. चांगलीच जिरली.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी विचारलं, “ढग होते तरी तेवढंच?” मी म्हटलं, मोजून तेवढंच. “जरासुद्धा कमी नाही?” मी म्हटलं, सांगितलं ना, नाही. मग हे भात नुसता चिवडत बसले. भाचीही ताटावरून लवकर उठली. बायको जिंकली की काही लोकांची भूक मरते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाचीने माझी नऊ वर्षांपूर्वीची वही मागितली. पहिल्या प्रयोगाची. तिला म्हणे पट्टी तेव्हा किती वेळ वाळवली होती ते बघायचं आहे. मला काय दुधखुळी समजते? कृती उचलायची आणि बैठकीत स्वतःची म्हणून मांडायची. सापडत नाही म्हणून सांगितलं. वही माझ्या खणात कुलपात आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी थोरलीत ताजी पट्टी बसवून दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. अर्धा गाल बधिर घेऊन दुपारी प्रयोगशाळेत पोचते तर भाची माझ्या पेटीपाशी. हातात पाना, शेजारी नायट्रोजनचा सिलिंडर. मला बघून पाना खाली पडला. म्हणाली, गळती तपासत होते.

गळती तपासायला नायट्रोजन सोडतातच, पण माझ्या पेटीची गळती हिने का तपासावी? मी तिथेच, दोन माणसांसमोर, तिची बिनपाण्याने केली. माझ्या घरात राहतेस, माझ्या ताटात जेवतेस, आणि माझ्याच पेटीला पाना लावतेस. अर्ध्या गालाने बोलताना शब्द नीट येत नव्हते, त्यामुळे आवाज आणखी चढवावा लागला. तिचे डोळे भरले. तिने उलट उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

घरी हे म्हणाले, “तिला असं घालून पाडून बोलू नकोस. ती तुझं वाईट चिंतत नाही.” मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? हे काहीतरी सांगणार होते. तोंड उघडलं, मिटलं, आणि पॅनेल पुसायचे आहेत म्हणून छतावर गेले. पॅनेल परवाच पुसले होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटीच्या त्या एका पट्टीला आज दहा दिवस झाले. काल साहेबांनी पाहुण्यांना तिचा आलेख दाखवला. सकाळी शून्यातून उठतो, भर दुपारी माथ्यावर जातो, संध्याकाळी उतरतो. मधे एखादा ढग गेला की तिथे खळगा. साहेब म्हणाले, ही पेटी सूर्याचं ऐकते. पाहुणे माना डोलावत होते.

माझा आलेख सूर्याचं ऐकत नाही. भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, माझा खाली येतो. हे मी तिथे बोलले नाही, कारण माझी पेटी स्वतंत्र बाण्याची आहे असं कुणीतरी आपणहून म्हणेल असं वाटत होतं. कुणी म्हणालं नाही.

इथे खोटं लिहून काय मिळवायचं आहे. ती हरावी असं मला वाटतं. नुसती हरावी असं नाही, सगळ्यांसमोर हरावी. मी तिला पाळण्यात पाहिलेलं आहे, तिच्या पहिल्या गणवेशाची बटणं मी शिवलेली आहेत, आणि तिच्या पट्टीला भोक पडावं म्हणून मी रोज सकाळी आशेने प्रयोगशाळेत शिरते. बाईने वयाच्या पन्नाशीला इतकं खाली उतरू नये, पण उतरले आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं. आंघोळ करताना सुचलं.

भाचीचं अल्कोहोल खरोखर धुरातूनच येतं कशावरून? पाण्यातून, चिकट द्रवातून, कशातूनही येत असेल. ओळखायची चाचणी साधी आहे. कार्बन डायऑक्साइड बंद करायचा आणि त्याच्या जागी नायट्रोजन सोडायचा. नायट्रोजनमध्ये कार्बनचा कणही नाही, तेव्हा पेटी खरी असेल तर बाटलीत काही म्हणजे काही यायला नको. आलं, तर सगळा देखावा. ही चाचणी केल्याचं तिच्या अहवालात कुठेच लिहिलेलं नाही. इतका शहाणपणा करणारी मुलगी नेमकी हीच कशी विसरली?

(मीही कधी केलेली नाही. पण माझी कृती नऊ वर्षं मुरलेली आहे.)

रविवारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. रविवारी चाचणी, सोमवारी बैठक. भाजी चिरताना मी गुणगुणत होते म्हणे. भाची म्हणाली, मामी आज खुशीत दिसताय. मी म्हटलं, हो गं, असंच.

२ मार्च, रविवार

शांतपणे, क्रमाने लिहिते.

घरी देवीच्या— नाही, घरी काय सांगून निघाले ते महत्त्वाचं नाही. दहाला पोचले. लख्ख ऊन. धाकटीला नायट्रोजन जोडला आणि तीन तास चालू ठेवली. मोजणीच्या यंत्रात नमुना घातला. शून्य. परत घातला. शून्य. नळ्या बदलल्या, बाटली बदलली, तिसऱ्यांदा घातला. शून्य. तिची पेटी खरी आहे.

मला रडू आलं ते आधी यासाठी, हे लिहून ठेवते.

मग वाटलं, आलेच आहे तर थोरलीचीही चाचणी करून ठेवावी, बैठकीत दाखवता येईल. पट्टी रोजच्यासारखीच केली. पूड, स्पिरिट, ब्रश, पंखा, वीस मिनिटं. पेटीत बसवली, नायट्रोजन सोडला.

अल्कोहोल आलं. रोजच्याइतकंच.

सिलिंडरवरचं लेबल वाचलं. नायट्रोजनच होता. दुसरा सिलिंडर लावला. आलं. मग मी नवी पट्टी करून बसवली आणि विजेचं बटणच बंद केलं. ना धूर, ना वीज, पेटी नुसती भिजत पडलेली. तरी बाटलीत अल्कोहोल आलं, सकाळी भरभरून येतं तसं.

ते आमचं स्पिरिट होतं. स्पिरिट म्हणजे तरी दुसरं काय, अल्कोहोलच. वीस मिनिटांत ते वरवर उडतं, नाकाला वास येत नाही, पण पट्टीच्या पोटात राहतं आणि पाण्यात हळूहळू उतरतं. सकाळी जास्त, दुपारी कमी. ऊन असो नसो. मी रोज सकाळी माझ्या हाताने आत घालत होते आणि रोज आनंदाने बाहेर मोजत होते. नऊ वर्षं.

किती वेळ स्टुलावर बसले कुणास ठाऊक. नायट्रोजन वापरला की रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, म्हणून शेवटी रजिस्टर ओढलं. माझ्या वरच्याच ओळीत १९ फेब्रुवारी, सकाळी दहा ते दीड. पेटी: थोरली. गॅस: नायट्रोजन. खाली भाचीची सही. निष्कर्षाचा रकाना रिकामा.

म्हणजे तिला ठाऊक होतं. मी दोन माणसांसमोर तिला वाटेल ते बोलले तेव्हाही ठाऊक होतं. तिला एक शब्द बोलून मला तिथेच गप्प करता आलं असतं. ती पाना उचलून रडत निघून गेली.

तिने चूक पकडली याचा मला इतका राग नाही. तिने मला सांभाळून घेतलं, त्याचा आहे. मला कुणी सांभाळून घ्यावं अशी मी कधी झाले?

३ मार्च, सोमवार

बैठकीत सगळ्यांच्या आधी मीच उठले. म्हटलं, थोरली पेटी बाद करा, तिचं अल्कोहोल धुराचं नाही, पट्टीच्या स्पिरिटचं आहे. फळ्यावर आकडे लिहिले. अक्षर बरं आलं.

साहेबांनी विचारलं, “हे शोधलं कुणी?”

मी म्हटलं, “मी. काल.”

साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, स्वतःच्या नऊ वर्षांच्या कामावर स्वतः फुली मारायला फार मोठं मन लागतं. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी भाचीची होती. मग पाच मिनिटांत तिची पट्टी चाळीस पेट्यांसाठी पक्की झाली, आणि त्याला मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे माझ्याभोवती होते.

माझं सगळं गेलं आणि तरी त्या टाळ्या मला गोड लागल्या. रजिस्टर कपाटात आहे. कुणी मुद्दाम उघडलं नाही तर कुणाला काही कळणार नाही.

४ मार्च, मंगळवार

ह्यांना सरळ विचारलं, तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं? म्हणाले, तेरा तारखेपासून. त्यांच्या त्या यंत्रात दिवसभर ऊन नव्हतं आणि माझ्या बाटलीत अल्कोहोल होतं, तेव्हाच शंका आली. मग मला का नाही सांगितलंत? हे म्हणाले, सांगणारच होतो, भाचीने अडवलं. तिचं म्हणणं, मामीला स्वतःला सापडू दे, दुसऱ्याने दाखवलं तर ती उभी राहणार नाही. तिला स्वतःला तर त्याआधीच शंका होती, म्हणून ती ओव्हन ओव्हन करत होती. पट्टी एकदा नीट वाळली असती तर मला त्याच दिवशी दिसलं असतं.

आणि सोमवारपर्यंत मला सापडलं नसतं तर? हे म्हणाले, तर ती बैठकीत सांगणार होती की तिची स्वतःची पट्टी अजून तयार नाही, दोघींनाही आणखी एक महिना द्या.

हातातलं युनिट ती सोडणार होती. माझ्यासाठी. माणसाने इतकं चांगलं असायची काय गरज आहे? दिवसभर मी तिच्याशी बोलू शकले नाही. तिला वाटलं मी रागावले आहे, म्हणून तिने सगळी भांडी घासली. त्यानेही मला रागच आला.

६ मार्च, गुरुवार

नऊ वर्षांपूर्वीचा निष्कर्ष मागे घ्यायचा अर्ज आज भरायला घेतला. त्यात एक रकाना आहे: चूक प्रथम कुणाच्या लक्षात आली, आणि कोणत्या तारखेला. मी माझं नाव लिहिलं. पुढे २ मार्च. मग पेन तिथेच राहिलं. पाऊण तास मी त्या एका ओळीकडे बघत होते. चहा आला, गार झाला.

शेवटी ओळ खोडली आणि भाचीचं नाव लिहिलं. १९ फेब्रुवारी. मग रजिस्टर घेऊन तिच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, त्या दिवशीचे आकडे सांग, रकाना रिकामा आहे.

ती म्हणाली, “मामी, कशाला आता? झालं ना सगळं.”

मी म्हटलं, “तुझे उपकार मला पचायचे नाहीत. आणि मला तुझ्याबरोबर एका घरात राहायचं आहे.”

तिने खालमानेने आकडे सांगितले, मी लिहिले. मग दोघी साहेबांकडे गेलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि सोमवारी तर तुम्ही वेगळं सांगितलंत असं म्हणाले. मी म्हटलं, सोमवारी खोटं बोलले. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, आता घरी बसा म्हणतील. मी मनातल्या मनात खण आवरायलाही घेतला होता.

ते भाचीकडे वळले. म्हणाले, भट्टीवर चाळीस पेट्या लागणार, त्यातली एकेक नायट्रोजनवर तपासायला एक माणूस कायमचा हवा, कुणाला नेमू?

भाचीने जराही वेळ घेतला नाही. म्हणाली, “मामींना. माझ्या पेटीवर त्यांच्याइतका संशय दुसऱ्या कुणाला येणार नाही.”

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण तिने थट्टा केलेली नव्हती. सोमवारपासून मला भट्टीवर जायचं आहे. चाळीसपैकी एक तरी खोटी निघेल असं मला अजूनही वाटतं.